डब्यामागचे दोन दिवे

टीव्हीखालचा काळा डबा म्हणजे बाबांचं संस्थान. त्यावरची धूळ पुसायची आणि बाकी कशाला हात लावायचा नाही, असा थोरलीचा आणि त्यांचा न बोलता झालेला करार होता. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर बाबांनी तो डबा आणला. घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी एकेक करून त्यात उतरवल्या, वर गाणी आणि सिनेमे भरले. डब्यातून एक निळी वायर निघून भिंतीवरच्या इंटरनेटच्या यंत्रात जात होती. थोरलीला एवढंच माहीत होतं आणि एवढ्यावर तिचं भागत होतं.

डब्याची पाठ तिने पहिल्यांदा पाहिली ती बाबा गेल्यावर, तीही आडवं पडल्यामुळे. आजारपणात बाबांचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला होता. त्याला जागा व्हावी म्हणून टीव्हीचं टेबल तिरकं सरकवलं होतं, आणि थोरली खाली गादी टाकून शेजारी झोपायची. भाड्याचा पलंग परत गेला तशी डब्याची पाठ उघडी पडली, पण टेबल तिरकंच राहिलं. गादीही तिथेच राहिली. उचलायची म्हटलं तर कुणीतरी उचलायला हवी होती, आणि घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

थोरली दातांच्या कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर ती मेण चढवायची, मेणात दात ओळीने बसवायची, भट्टीतून निघालेली कवळी घासून गुळगुळीत करायची. ज्याच्या तोंडात ती जाणार तो माणूस तिला कधी दिसत नसे. पण तो कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो का, हे साच्यावरून ती बरोबर सांगायची. "लोक हात दाखवून अवलक्षण करतात," बाबा म्हणायचे, "आमची थोरली दात दाखवून करते."

त्या दिवशी कामावरची भट्टी बिघडली म्हणून सगळ्यांना लवकर सोडलं. थोरली घरी आली, चपला काढल्या आणि कपडे न बदलता गादीवर कलंडली. हल्ली तिचं असंच चालायचं. बाबा गेल्यावर लोक भेटायला आले तेव्हा तिने सगळ्यांना चहा केला, कुणी बिनसाखरेचा मागितला तर तोही केला. शेजारच्या काकूंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. तिने 'हो' म्हटलं, कुणी दूध आणायला सांगितल्यावर म्हणावं तसं. दात काढण्याआधी सुई टोचली की मग जिभेने गाल चाचपला तरी तो दुसऱ्याचा वाटतो. तिचं सगळं अंग तसं झालं होतं. दुखत नव्हतं, फक्त आपलं वाटत नव्हतं.

तर पडल्या पडल्या तिला डब्याच्या पाठीवर, निळी वायर जिथे शिरत होती तिथे, दोन बारीक दिवे दिसले. एक हिरवा, स्थिर. दुसरा नारिंगी, आणि तो नुसता तडफडत होता. टीव्ही बंद होता. तिचा फोन पर्समध्ये होता. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि डबा आतून घुर्र घुर्र करत कामाला लागला होता. थोरली बराच वेळ बघत राहिली. भीती वाटायला हवी होती, पण तेवढीही तसदी तिच्या मनाने घेतली नाही. मग दिवा शांत झाला, मधूनच पापणी लवावी तसा लवू लागला, आणि तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम अर्धी रजा घेऊन आली. दुपार कलली आणि पुन्हा तेच झालं.

धाकट्या भावाला तिने फोनवर सहज सांगितलं. धाकटा दुसऱ्या गावी राहायचा आणि विम्याचे दावे तपासायचा. त्यामुळे जगात काही सरळ कारणाने घडतं यावरचा त्याचा विश्वास कधीच उडाला होता. कुणीतरी चोरी करतंय, तो म्हणाला. शेजारीपाजारी कुणीतरी आत घुसलंय, किंवा परदेशात बसलेला कुणी भामटा आहे. आधी वायर उपट, मग बोल. थोरलीने बरं म्हटलं आणि वायर उपटली नाही. तिने इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात दिव्यांचे रंग विचारले आणि सांगितलं, "ताई, लुकलुकतायत म्हणजे सगळं छान आहे. न लुकलुकणं वाईट." थोरलीने विचारलं की घरात कुणी काही बघत नसताना का लुकलुकतायत. मुलीने पुन्हा सगळं छान असल्याचं सांगितलं.

बाबांनी एकदा तिला हे समजावलं होतं, ते तिला अर्धंमुर्धं आठवलं. ती भाजी चिरत होती आणि ते डब्यामागे डोकं घालून बसले होते. "हिरवा म्हणजे लग्न टिकलंय," ते म्हणाले होते, "नारिंगी म्हणजे नवरा-बायको बोलतायत. नुसता हिरवा असतो आणि नारिंगी नसतो, असं तर घरोघरी." ती तेव्हा हसली होती की नाही, ते मात्र आठवेना.

डब्याच्या खोक्यात माहितीपुस्तिका होती, ती तिने काढून वाचली. बाबांच्या थट्टेपेक्षा तिच्यात फारसं वेगळं काही नव्हतं. हिरवा स्थिर असेल तर दोन्ही टोकांना वायर नीट बसली आहे. नारिंगी लुकलुकत असेल तर वायरीतून माहिती जाते-येते आहे. संथ लुकलुकणं नेहमीचंच, यंत्रं एकमेकांना 'आहेस ना?' विचारत असतात आणि 'आहे' म्हणत असतात. झपाट्याने लुकलुकलं तर कुणीतरी काहीतरी मोठं मागवतंय, किंवा पाठवतंय. कोण, हे पुस्तिकेत नव्हतं. दिव्याला बोलणं चाललंय एवढंच कळतं. कुणाशी, ते त्याच्या गावी नसतं.

मग तिने एक करून पाहिलं. दुपारी दिवा तडफडायला लागल्यावर तिने आपला फोन बंद केला, टीव्हीचा प्लग काढला, बाबांचा जुना लॅपटॉप चालू नाही ना ते पाहिलं. दिव्याने काही दाद दिली नाही. म्हणजे मागणारा घरातला नव्हता. आता धाकट्याचं ऐकायलाच हवं होतं. थोरली गुडघ्यांवर बसली, वायरीच्या टोकाची प्लास्टिकची जीभ दाबली आणि वायर ओढली. दोन्ही दिवे विझले. डबा थोडा वेळ घुरघुरला आणि गप्प झाला. तिने हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं.

आधणाला उकळी येण्याआधी बाबांचा फोन वाजला.

तो स्वयंपाकघरात फळीवर होता. ती तो रोज चार्ज करायची. का, असं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. पडद्यावर नाव होतं, 'जुनं गिऱ्हाईक'. दुकान बंद झालं तरी बाबांकडे अशी माणसं फोन करायची, टीव्हीतून आवाज येतो पण चित्र येत नाही म्हणून. थोरलीने फोन उचलला.

"अहो, बंद पडलं बघा," पलीकडून बाई म्हणाली. "चालता चालता थांबलं. वायर सुटली असेल. मागचा हिरवा दिवा लागलाय का बघता जरा?"

आवाज म्हातारा होता आणि 'च' नि 'स'च्या मागे बारीक शिट्टी वाजत होती. खालची कवळी सैल आहे, हे थोरलीला आधी कळलं. ही आई आहे, हे नंतर.

आई घरातून गेली तेव्हा थोरली शाळेत होती आणि धाकटा नुकता शाळेत जायला लागला होता. भांडण झालेलं कुणी ऐकलं नाही. लांबच्या गावात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाची नोकरी मिळाली म्हणून आई 'येते' म्हणून गेली, ती राहायला आलीच नाही. पुढे दोघं रीतसर वेगळे झाले. लोकांनी तिच्याबद्दल नाना गोष्टी जोडल्या. थोरलीने त्यांतली एकही खरी की खोटी ते पाहिलं नाही. सुरुवातीला आई अधूनमधून शाळेच्या फाटकापाशी येऊन उभी राहायची. थोरलीने एकदा तिला सांगितलं, तू येऊ नकोस. आणि ती यायची थांबली. बाबा गेले त्या दिवशी धाकट्याने विचारलं होतं, आईला कळवायचं का. नंबर कुणाकडे आहे, असं थोरली म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला. नंबर बाबांच्या फोनमध्ये होता, गिऱ्हाइकांच्या घोळक्यात.

"बाबा नाहीयेत," थोरली म्हणाली.

"बाहेर गेलेत का? मग आले की सांगा त्यांना." मग आई थबकली. "तुम्ही कोण?"

"थोरली."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो दूर गेला. आई कुठल्यातरी दारातून बाहेर आली असावी.

"बाबा गेले," थोरली म्हणाली.

"कुठे गेले?"

'गेले' हा शब्द इतके दिवस मोठा सोयीचा ठरला होता. थोरलीने तो म्हटला की समोरच्याला सगळं कळायचं आणि पुढचं बोलावं लागायचं नाही. आज बोलावं लागलं.

"वारले," ती म्हणाली. "आजारी होते बरेच दिवस."

थोरलीने फोन कानापासून दूर धरून तो चालू आहे ना ते पाहिलं. मग आईचा आवाज आला.

"पण काल तर चालू होतं."

थोरलीला नीट समजावं म्हणून आईनेच मग तुटक तुटक सांगितलं. डबा आणल्यावर बाबांनी कुठूनसा तिचा नंबर मिळवला होता. तिच्या फोनवरून कॅसेटी कशा बघायच्या ते तिला शिकवलं होतं. त्यानंतर दोघं बोलत असं नव्हे. डबा बंद पडला की ती फोन करायची, ते मागचे दिवे बघायचे, वायर घट्ट करायचे आणि 'झालं' म्हणून फोन ठेवायचे. ते आजारी आहेत हे ते कधी बोलले नाहीत. सकाळची पाळी संपली की दुपारी ती कोठीघरात बसून बघायची.

"चालू आहे म्हणजे ते आहेत, असं मी धरून चालले होते गं," आई म्हणाली. "काल पण बघितलं मी."

"काय बघतेस?"

"तुमचंच. मी गेल्यानंतरचं."

चहाचं पाणी आटून भांडं करपायला लागलं होतं. थोरलीने गॅस बंद केला, ठेवते म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकट्याला तिने संध्याकाळी सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. जेव्हा बघायचं तेव्हा डोळ्यांसमोर होतो की आपण, तो म्हणाला, तेव्हा नाही बघितलं, आणि आता आयत्या बिळावर नागोबा. बाबांनी तरी आपल्याला न विचारता आपलं लहानपण कसं देऊन टाकलं? वायर लावू नकोस, त्याने दोनदा बजावलं. त्याचं म्हणणं थोरलीला पटलं. आई कोठीघरात पिठाच्या डब्यांमध्ये बसून फोनवर बघते, तेही डोळ्यांपुढे आलं. दोन्हीपैकी कशाचाच राग आला नाही. राग यायलाही ताकद लागते.

रविवारी तिने टीव्ही लावून डब्यातल्या कॅसेटी उघडल्या. निवांत असं त्या तिने कधी पाहिल्याच नव्हत्या. पडद्यावर दोन वेण्यांची थोरली शाळेच्या मंचावर भाषण करता करता विसरली आणि आभाळाकडे बघत राहिली. धाकटा सायकलवरून पडला आणि आधी आजूबाजूला कोण बघतंय का ते पाहून मग रडला. बाबा कुठेच नव्हते, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता. त्यांचा फक्त आवाज होता, आणि तो सारखा काहीतरी सांगत होता. थोरलीला चष्मा लागलाय, डाव्या डोळ्याला जास्त. धाकट्याला गोवर आला होता, आता उतरलाय, जेवतोय व्यवस्थित. हे नवे पडदे, थोरलीने शिवलेत, एक आखूड झालाय पण तिला सांगू नका.

बाबांना कॅमेरा घेऊन बडबडायची खोड आहे, असं दोघं पोरं तेव्हा हसायची. समोर दिसतंय तेच काय सांगायचं? जे सगळ्यांना माहीत आहे ते कुणाला सांगताय? थोरली आता ऐकत होती आणि तिच्या ध्यानात येत होतं. डबा तर फार नंतर आला. आई गेली त्याच वर्षी बाबांनी तो कॅमेरा विकत घेतला होता, आणि पहिल्या कॅसेटीपासून ते घरात नसलेल्या एका माणसाला घरातलं सांगत होते. पाठवायचं कसं ते माहीत नव्हतं. पाठवायचं की नाही तेही बहुधा ठरत नव्हतं. पण सांगत मात्र होते.

तिला वाटलं, आता रडू येईल. ती थोडा वेळ थांबली. आलं नाही. मग तिने टीव्ही बंद केला, डब्यामागे वाकली आणि निळी वायर पुन्हा बसवली. टक् असा आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला.

पण नारिंगी दिवा त्या दुपारी संथच राहिला. नंतरच्या दिवसांत कामावर जाताना तिने काकूंना किल्ली देऊन दुपारी दिवा बघायला सांगितलं. काकूंना काय बघायचं ते धड कळलं नाही, पण शेजारधर्म म्हणून त्या जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, हळूहळू चाललंय बाई, बाकी ठीक आहे. तेव्हा थोरलीने बाबांच्या फोनवरून 'जुनं गिऱ्हाईक' लावलं.

"वायर लावलीय," ती म्हणाली. "तू बघत नाहीस."

"कशी बघू?" आई म्हणाली. "आधी वाटायचं, ते पलीकडे बसलेत. आता नुसतं यंत्र चालतंय."

थोरलीने विचारलं, रविवारी सुट्टी असते का. आई म्हणाली, मागितली तर मिळते. मग ये, थोरली म्हणाली.

आई आली ती स्वच्छ पण इस्त्री न केलेल्या साडीत, हातात जवळपास रिकामी पिशवी घेऊन. पिशवीत काय आणावं ते सुचलं नसावं. ती दारात चपला काढून उंबऱ्याशीच उभी राहिली. थोरलीने 'आत ये' म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकली. बाबा कुठे झोपायचे ते तिने विचारलं. थोरलीने जागा दाखवली. कोण होतं शेवटी, मी होते, त्रास झाला का, थोडा झाला. प्रश्न छोटे आणि उत्तरं त्याहून छोटी. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

थोरलीने चहा आणि बिस्किटं ठेवली. आई बिस्किट चहात बुडवून, तोंडावर हात धरून, एकाच बाजूने चघळत होती. प्रत्येक घासाला तिचा डोळा किंचित बारीक होत होता. थोरलीची नजर या बाबतीत कुणाला सोडायची नाही.

"खालची टोचते ना?" तिने विचारलं. "काढ. दाखव."

आई संकोचली. मग पदराआड तोंड फिरवून तिने कवळी काढली, नळाखाली धुतली आणि थोरलीच्या तळहातावर ठेवली. कवळी स्वस्तातली होती, घाईत केलेली. आतल्या बाजूला एक कड तशीच राहून गेली होती, ती हिरडीत रुतत असणार. थोरलीने खिडकीशी जाऊन उजेडात कड चाचपली, कामाच्या पिशवीतून कानस आणि बारीक पॉलिशपेपर काढला, आणि थोडं घासायचं, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं, असं करत बसली. गुलाबी भुकटी तिच्या मांडीवर पडत होती. दात नसल्यामुळे आईचे गाल आत गेले होते आणि ती एकदम फार म्हातारी दिसायला लागली होती. तशातच ती काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. शब्द एकमेकांत मिसळून गेले, थोरलीला नीट कळले नाहीत. तिने मान वर केली नाही आणि परत विचारलंही नाही. आईला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं, आणि तिने ते दात तोंडात नसताना म्हटलं होतं, यात काही हेतू असेल तर तो तिचा तिला ठाऊक.

"आता घालून बघ," थोरली म्हणाली. आईने कवळी घातली, जबडा इकडेतिकडे हलवला, आणि मान डोलावली. उरलेलं बिस्किट तिने दोन्ही बाजूंनी चावून खाल्लं. सैल आहे ती आहेच, थोरलीने सांगितलं, कड गेली म्हणून काही ती घट्ट बसणार नाही. नवा साचा घ्यावा लागेल.

टीव्ही कुणी लावला नाही. आईने जाताना डब्याकडे एकदा पाहिलं, एवढंच.

थोरली तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. आईने धाकट्याचं विचारलं. त्याला वेळ लागेल, थोरली म्हणाली. कदाचित तो कधी येणारच नाही, असंही होईल, हे तिने सांगून टाकलं. आईने ते ऐकून घेतलं.

बस वळणावर दिसली तेव्हा आई म्हणाली, "मी परत येऊ का?"

"फोन करून ये. माझा नंबर घे."

आईने पिशवीतून फोन काढला. थोरलीने आपला नंबर सांगितला आणि आईने तो एकेक आकडा ओठांनी म्हणत टिपला. नाव काय घालायचं त्यापाशी तिचं बोट थांबलं. बस आली, मागच्या माणसाने घाई केली, आणि आई फोन तसाच हातात धरून चढली.

बस गेल्यावरही थोरली थांब्यावर उभी होती. कुठे जायची घाई नव्हती आणि थांबायचं कारणही नव्हतं. मग दुसरी बस आली. चालकाने दार उघडलं, भुवया उंचावून विचारलं, येणार का. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि घराच्या दिशेने चालायला लागली.